डोळे मिटायच्या आधी काय सोपवून जायचं?

महालकर

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर आवरायला घेतलं. बाबा शाळेत गणित शिकवत. माळ्यावरून तीन ट्रंका उतरवल्या. पहिलीत सत्काराच्या चौदा शाली निघाल्या, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेल्या. दुसरीत सन्मानचिन्हं, त्यांच्या काचेवरची अक्षरं पुसत आलेली. तिसरीत पासबुकं, विम्याच्या पावत्या आणि एका देवळाच्या पायरीवर नाव कोरण्यासाठी दिलेल्या ५०१ रुपयांची पावती. ते देऊळ मागेच पाडून नवं बांधलं, त्यात ती पायरीही गेली.

बाबांच्या तेरवीला एक गृहस्थ आले होते. हिंगण्याच्या एमआयडीसीत त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दहावीला दोनदा नापास झालेले. बाबा संध्याकाळी ओसरीवर फुकट शिकवत, त्या पोरांतले एक. मला म्हणाले, "टेपर, म्हणजे निमुळता भाग, काढायचा असला की मोठ्या व्यासातून छोटा वजा करायचा, लांबीच्या दुपटीनं भागायचं, तो आकडा ज्या कोनाचा टॅन, तो कोन लावायचा. सरांनी तुमच्या ओसरीच्या पायरीवर खडूनं काढून दाखवलं होतं. अजूनही जॉब हातात आला की ती पायरी दिसते. आता माझ्याकडची चार पोरं तसंच काढतात."

ट्रंका आवरताना हे बोलणं डोक्यातून जात नव्हतं. चौदा शाली एकीकडे आणि ती खडूची आकृती एकीकडे.

मी ६१ वर्षांचा आहे. निवृत्त झालो. एक मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात. मानेवाड्याला फ्लॅट, थोडी पुंजी. भाऊ म्हणतो बाबांच्या नावानं भक्तनिवासात एक खोली बांधून दे. सौ. म्हणते आधी घरातला फ्यूज बदलायला कुणाला तरी शिकवा, तुम्ही गावाला गेलात की आम्ही अंधारात बसतो. मला हातपाय चालतायत तोवर काही करायचं आहे, आपल्या डोळ्यांनी बघता येईल असं. तुम्ही कुणी असं काही केलंय का? मोठमोठं नको, खरंच जे घडलं ते सांगा.

इतवारी_मिरची

काकाजी, आधी मृत्युपत्र करा. बाकीचं मग.

आमच्या वडिलांनी "आपली पोरं भांडणारी नाहीत" म्हणून केलं नाही. दुकान एक, भाऊ तीन. नऊ वर्षं तारखा चालल्या. आई या लेकाकडून त्या लेकाकडे. तिच्या शेवटच्या दिवाळीला तिघे एका पंगतीत बसले नाहीत. बापानं कमावलेलं नाव आम्हीच घालवलं, हे मला आयुष्यभर सलणार आहे.

काळा_कोट_सिव्हिल_लाईन्स

इतवारी भाऊंशी शंभर टक्के सहमत. रोज तेच बघतो.

लोकांना वाटतं फार खर्चाचं काम आहे. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, त्या साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा आहे, त्यात हे स्वच्छ लिहिलंय. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. ज्याला काही मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या, ही साधी गोष्ट बरेच जण विसरतात. आणि बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसा त्याच्या हातात येतो तो वारसांच्या वतीनं.

मेघा_धंतोली

मृत्युपत्र हवंच, पण महालकर काकांनी विचारलंय ते वेगळं आहे असं मला वाटतं. फ्लॅट कुणाला जाणार, हा त्यांचा प्रश्नच नाही.

माझ्या आजीचा जन्म घरातल्या अंधाऱ्या खोलीत झाला आणि त्यातच पणजी गेली. त्या काळी बाळंतपणात बायका अशाच जायच्या. माझी आई, मी आणि माझी लेक, तिघींचा जन्म मात्र मातृसेवा संघात. तो १९२१ साली आपल्या नागपुरात सुरू केला कमलाताई होस्पेट यांनी, वेणूताई नेने यांना सोबत घेऊन. कमलाताई लहान वयात विधवा झालेल्या. त्या काळच्या विधवेनं घराबाहेर पडायचं, नर्सिंग शिकायचं आणि पुन्हा दुसऱ्यांची बाळंतपणं करायची! त्यांना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली हे फार जणांना माहीत नसतं, पण संघात जन्मलेली माणसं नागपूरच्या दर गल्लीत सापडतील.

मला त्यांच्यातलं सगळ्यात मोठं हे वाटतं की त्यांनी इतर बायकांना ते काम शिकवलं. नुसती स्वतः चांगली नर्स राहिली असती तर ते त्यांच्याबरोबरच संपलं असतं.

गोधनी_रिंगरोड

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. हे सगळं शेवटी "आपलं नाव राहावं" याच ओढीतून येत नाही का? गाडगेबाबांनी एवढ्या धर्मशाळा बांधल्या, स्वतः कधी त्यात मुक्कामाला राहिले नाहीत. हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं. नावाचा विचार करून कुणी असं झाडत नाही. कामच करावं, मागे काय राहील ते राहील.

वर्धारोड_अभियंता

@गोधनी, नावात वाईट काय आहे? मी एलआयटीचा, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा विद्यार्थी. आमच्या संस्थेचं नाव ज्यांच्यावरून, ते रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण कामठीचे, मँगनीजच्या खाणींचे मालक. त्यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठाला मोठी देणगी लिहून ठेवली आणि त्यातून १९४२ मध्ये आमची संस्था उभी राहिली. मी कर्जबाजारी शेतकऱ्याचा मुलगा, आज तीस माणसांना पगार देतो तो तिथं शिकलो म्हणून. दर वर्षी मी त्यांच्या पुतळ्यासमोर उभा राहतो. नाव राहिलं म्हणून मला निदान आभार कुणाचे मानायचे ते कळतं.

गोधनी_रिंगरोड

मुद्दा मान्य. पण त्यांना स्वतःला ती बघायला मिळाली नाही. संस्था उभी राहिली त्याच्या कितीतरी आधीच ते गेले होते. महालकर काकांना आपल्या डोळ्यांनी बघायचंय.

काटोलचा_बागवान

राम राम जी. मी शेतकरी माणूस, मोबाईलवर टाईप करून राहिलो, चुकभूल द्याघ्या.

आमच्या बाबुजींची आठशे झाडं होती संत्र्याची. बाबुजी डोळे भरायचे. म्हणजे जंबेरी लिंबाचा खुंट असते, त्याच्या सालीला चाकूनं उभी चीर, आडवी चीर द्याची, साल अलगद उचलाची आन चांगल्या झाडाचा डोळा काढून त्यात सरकवाचा, वरून पट्टी बांधाची. डोळ्याखालचा गाभा फाटला की गेलं. बाबुजींचा हात असा की शंभरातले नव्वद डोळे फुटत. बाकीचे डोळे भरणारे आपली कला लपवून ठेवत, कोणी पाहाले आलं तर पाठ करत. बाबुजी मात्र पोरांना समोर बसवत. म्हणत, "कलम जमिनीच्या एक वीत वर बांधा, खाली बांधलं तर पाणी लागते, डिंक्या येते, झाड जाते."

मंग डिंक्यानं आमचीच बाग गेली. आठशेतली तीनशे उरली. बाबुजी खाटेवर पडले. त्या साली त्यांनी शिकवलेली दोन पोरं, आता चाळिशीची झालेली, आपल्या नर्सरीतून कलमं घेऊन आली. पैसे घेतले नाहीत. दुहेरी आळं करून दिलं, पाणी खोडाले लागू नये म्हणून. खोडाले बोर्डो मलम लावलं, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. बाबुजींनी खाटेवरून पाह्यलं. म्हणाले, "कलम उंच बांधलं ना रे?" पोरगं म्हणे, "तुम्हीच शिकवलं ना बाबुजी."

त्या चाकूची मूठ घासून बोटांच्या आकाराची झाली आहे. माझ्यापाशी आहे. पण खरी इस्टेट त्या दोन पोरांपाशी आहे.

मेघा_धंतोली

बागवान काका, दोनदा वाचलं. "कलम उंच बांधलं ना रे" ला डोळे भरून आले.

पारडीचा_पोरगा

+१. आणि हे डोळे भरणं वेगळं बरं का मेघाताई 🙂

उमरेड_जुना

मी माझा फसलेला अनुभव सांगतो, कुणाच्या उपयोगी पडला तर.

आमच्या मूळ गावी मी वडिलांच्या नावानं वाचनालय काढलं. दोन लोखंडी कपाटं, अकराशे पुस्तकं, फलक, उद्घाटनाला बरेच लोक. खर्च सगळा माझा. मी नागपुरात. किल्ली एका तरुणाकडे दिली, तो वर्षभरानं कामाला सुरतेला गेला. तिसऱ्या वर्षी गेलो तर खोलीला कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. कुलूप तोडलं. खालच्या फळीतली पुस्तकं वाळवीनं एकमेकांना चिकटली होती, वीट उचलावी तशी उचलली गेली. वरच्या फळीवर उंदरांनी घर केलं होतं. गावकऱ्यांचा दोष नाही. त्यांनी मागितलंच नव्हतं. मी त्यांना कधी विचारलं नाही की तुम्हाला काय हवंय. तिथली पोरं पोलीस भरतीची तयारी करत होती, त्यांना धावायला सपाट पट्टा आणि पहाटेचा एक दिवा हवा होता.

उरलेली पुस्तकं मी शाळेला दिली. आता दर उन्हाळ्यात पंधरा दिवस तिथं राहतो आणि भरतीच्या पोरांना गणित आणि बुद्धिमत्तेचा पेपर शिकवतो. फलक काढून टाकला.

इतवारी_मिरची

जुने भाऊ, हे सांगायला धाडस लागतं. सलाम.

स्नेहल_मेडिकल_चौक

मी डॉक्टर आहे, म्हणून माझ्या बाजूनं सांगते. नेत्रदान, अवयवदान आणि देहदान या तिन्हींत लोक घोळ करतात.

नेत्रदान घरी मृत्यू झाला तरी होतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवायचं. तोवर पापण्या मिटवायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चालतं. अवयवदान मुख्यतः मेंदूमृत झालेल्या रुग्णाचं, तेही रुग्णालयातच. अशा एका माणसाकडून आठ जणांपर्यंत जीवदान मिळू शकतं. देहदान म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाला शरीर शिकण्यासाठी देणं. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ पासून शरीरशास्त्र कायदा आहे. शवविच्छेदन झालेलं शरीर मात्र सहसा घेत नाहीत.

फॉर्म भरला की काम झालं असं समजू नका. त्या वेळी तुम्ही बोलायला नसता, घरचे असतात. मोठ्या मुलानं "नको" म्हटलं की थांबतं. म्हणून जेवताना, सणावाराला, चार जणांसमोर स्पष्ट सांगून ठेवा.

पहिल्या वर्षी आमच्या विच्छेदनाच्या टेबलावर एक आजोबा होते. नाव कळत नाही, कळूही नये. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन धरून धरून झालेला घट्टा होता. आम्ही आठ जण वर्षभर त्यांच्याकडून शिकलो. आज मी ऑपरेशन करताना एखादी नस अपेक्षेच्या जागी नसली की मला ते आजोबा आठवतात, त्यांचीही तशीच होती. माझे सगळ्यात पहिले गुरू तेच.

भुलाबाईची_लेक

धागा वाचतेय. थोडं अवांतर वाटेल, तरी लिहिते.

आमच्या आईला भुलाबाईची तीसेक गाणी पाठ. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वाड्यात रोज संध्याकाळी गाणी, टिपऱ्या आणि मग खाऊ ओळखायचा, डबा हलवून नुसत्या आवाजावरून. आई थकली तसं मी सगळी गाणी मोबाईलवर रेकॉर्ड केली. फार समाधान वाटलं, "झालं, वाचली गाणी." मग मोबाईल बिघडला आणि निम्मी गेली. उरलेली कॉम्प्युटरवर घेतली, तीन जागी ठेवली, पण ती कोण ऐकणार होतं?

गेल्या वर्षी अपार्टमेंटच्या गच्चीवर सातआठ मुली गोळा केल्या. आई खुर्चीवर बसली. पहिल्या दिवशी मुली लाजत होत्या. चौथ्या दिवशी एका पाचवीतल्या मुलीनं आईला मध्येच थांबवलं, "आजी, काल तुम्ही हे कडवं आधी म्हटलं होतं." आई हसून हसून दमली. खाऊ ओळखण्यात त्या मुलींनी आम्हाला हरवलं, शेंगदाणे आणि फुटाणे आवाजावरून वेगळे सांगितले! आई जानेवारीत गेली. यंदा त्या मुलींनी स्वतःच विचारलं, "काकू, भुलाबाई कधी बसवायची?"

जरीपटका_टेलर

मी ५२ वर्षांची, अविवाहित. मूलबाळ नाही. असे धागे वाचले की वाटतं, हे लेकरंबाळं असलेल्यांसाठी असतं. माझ्यामागे नाव लावणारं कुणी नाही.

तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. माझं कटिंग प्रसिद्ध आहे, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली गोलाई आणि पाठीचा टक. माझ्याकडे कागदी कटिंग आहेत, अठ्ठावीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत, गादीखाली ठेवते. माझ्या गुरुबाईंनी मला मुंढा कधी दाखवला नाही, मी त्यांचा जुना ब्लाउज उसवून शिकले. म्हणून मीही लपवत आले. आता चष्म्याचा नंबर वाढलाय, सुईत दोरा ओवता येत नाही. ही कागदं माझ्याबरोबर रद्दीत जातील का, असं रात्री वाटत राहतं.

काटोलचा_बागवान

ताई, तुमी ती कागदं गादीखालून काढा. बास.

मेघा_धंतोली

@जरीपटका ताई, मूल नाही म्हणून मागे काही नाही, असं मुळीच नाही. जाईबाई चौधरी आठवा. आपल्याच भागातल्या. डोक्यावर ओझी वाहणारी बाई, शिकली, शिक्षिका झाली, जातीमुळे नोकरी गेली, तर १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. तिथं शिकलेल्या मुलींचं आडनाव काही चौधरी नव्हतं. पण त्यांच्या घरात पुढे जी लिहितीवाचती पिढी झाली, तिचं मूळ त्या वर्गात आहे.

गझलवेडा_रेशीमबाग

माझाही एक मुद्दा. रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं भलंमोठं सभागृह आहे. चांगलंच आहे. पण भटसाहेब हयात असताना काय करत? गावोगावच्या नवख्या पोरांना पत्रं लिहीत. गझलेचं व्याकरण समजावणारी 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका पाठवत. मात्रा कुठे चुकली, काफिया, म्हणजे यमक, कुठे लंगडा झाला, ते कळवत. एवढा मोठा कवी, तब्येत बरी नाही, आणि अनोळखी पोराच्या ओळीवर वेळ घालवतोय. १४ मार्च २००३ ला ते गेले. आज मराठीत गझल लिहिणारे इतके जण दिसतात, त्यातल्या कितींनी ती बाराखडी त्यांच्याकडून गिरवली. सभागृह नसतं तरी ही मंडळी राहिली असती. म्हणून मी गोधनींच्या आणि अभियंत्यांच्या वादात मधला माणूस आहे. नाव लागलं तर लागो, पण शिकवल्याशिवाय नुसतं नाव काही कामाचं नाही.

तान्हापोळा_फॅन

अवांतर: आमच्या आजोबांनी सागाचा नंदी केला होता, चाकांवरचा, कमरेएवढा उंच. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी बैल मिरवतात त्या दिवशी, आमच्या मोहल्ल्यात सगळ्यात मोठा तोच. आजोबांची अट एकच, नंदी घरात ठेवायचा नाही, दर वर्षी दुसऱ्या घरी राहील, आणि ज्यांच्या घरी राहील त्यांनी त्याला तेलपाणी करायचं. साठ वर्षं झाली, फिरतोय. एक शिंग तुटलं ते एका मुस्लिम सुतारकाकांनी बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत, म्हणाले "हा आमच्याही घरी राहून गेलाय." आमच्याकडे त्याचा पुढचा नंबर कधी येईल कुणास ठाऊक, पण तो कुठे आहे हे मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

गोधनी_रिंगरोड

काय सुंदर! वाचून मन प्रसन्न झालं.

पारडीचा_पोरगा

मंडळी, धागा मस्त चाललाय, पण महालकर काकांना कुणी एक साधी गोष्ट विचारलीच नाही. काका, तुम्ही नोकरी कशात केली?

महालकर

दोन दिवस सगळे प्रतिसाद वाचत होतो. सौ.लाही मोठ्यानं वाचून दाखवले. नंदी ऐकून ती म्हणाली आपणही यंदा महालात जाऊ पोळ्याला.

@पारडी, वीज खात्यात होतो बाबू. चौतीस वर्षं. तंत्रज्ञ म्हणून लागलो, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त.

पारडीचा_पोरगा

मग काका, काय द्यायचं हे शोधता कुठे? आमच्या वस्तीत मागच्या मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना एक वहिनी शॉक लागून गेली. दर उन्हाळ्यात पेपरात असतंच, विदर्भात कुठे ना कुठे. तुम्हाला हे थांबवता येतं ना?

महालकर

हा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. आता सविस्तर लिहितो.

नोकरीत अशा घरी मी किती वेळा गेलोय ते मोजलेलं नाही. एक घर विसरता येत नाही. नऊ वर्षांचा मुलगा. फरशी ओली, कूलर खिडकीत, पाईप अजून टाकीत. मी प्लग काढून पाहिला. तीन पिनांच्या प्लगची वरची मोठी पिन पक्कडीनं तोडलेली होती. भिंतीवरच्या बोर्डात दोनच भोकं होती, प्लग बसत नव्हता, म्हणून. ती पिन अर्थिंगची. ती शाबूत आणि अर्थिंगला जोडलेली असती तर पंपातून पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत गेली असती. नसल्यामुळे ती त्या मुलाच्या हातातून गेली. मी पंचनाम्यात दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या तक्रारीवर गेलो. चौतीस वर्षं असंच, घटना घडल्यावर जायचो. आधी जाता येतं, हे ठाऊक असून गेलो नाही.

आता मुद्द्याचं. नागपूरकरांनो, एप्रिल उजाडायच्या आत एवढं बघा. कूलरची तिसरी पिन शाबूत आहे का, आणि बोर्डातल्या तिसऱ्या भोकात खरंच हिरवी वायर जोडलेली आहे का. पुष्कळ घरांत भोक असतं, मागे वायरच नसते. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका. आपल्याकडे नेमक्या कूलरच्या दिवसांत जमीन भेगाळते, माती कोरडी पडली की अर्थिंग काम देत नाही. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, वीज गळाली की हा स्विच क्षणात पुरवठा तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला नाही तर बदलायचा. आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. टेस्टर लावला आणि दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच धरू नका.

काल आमच्या गल्लीतली बारा घरं पाहिली. बारांपैकी पाच ठिकाणी अर्थिंग नावालाच. एका घरी तर कूलरची जाळी आणि खिडकीचे गज एकमेकांना टेकलेले. सौ. सोबत होती. तिला मी पहिल्या दोन घरी दाखवलं, तिसऱ्या घरी तिनंच बोर्ड उघडायच्या आधी मेन बंद केला आणि सांगितलं, "इथं हिरवी वायर नाही."

भावाला भक्तनिवासाच्या खोलीचं नाही म्हणून कळवलं. त्या पैशात ज्यांना परवडत नाही अशा घरांत आरसीसीबी बसवून देईन. पण त्याहून मला दहा-बारा जण हवेत, शिकायला. आयटीआयची पोरं असोत, गृहिणी असोत.

जरीपटका_टेलर

काका, मला शिकवा. दुकानात दोन कूलर आहेत आणि माझ्याकडे दुपारी चार मुली येतात. हो, गादीखालची कागदं काढली. काल पहिल्यांदा एका मुलीला मुंढा आखून दिला. तिनं तीनदा खोडलं. चौथ्यांदा बरोबर आला.

स्नेहल_मेडिकल_चौक

महालकर काका, शॉक लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते शिकवायला मी येते. आधी मेन बंद करायचा, मगच माणसाला हात लावायचा, आणि श्वास नसेल तर छाती कशी दाबायची. एकाच दिवशी दोन्ही होऊन जाईल.

उमरेड_जुना

माझ्या गावच्या भरतीच्या पोरांसाठीही एक दिवस द्या. मी आधी त्यांना विचारून तारीख कळवतो. या वेळी आधी विचारतो.

इतवारी_मिरची

काका, तारीख ठरली की सांगा. तर्री पोह्यांचा खर्च माझ्याकडे. बिन तर्रीचं नागपुरात कुणी शिकायला बसत नाही 🙂

काटोलचा_बागवान

काकाजी, वावरातल्या पंपाच्या स्टार्टरचं बी दाखवाल का? आमच्याकडं पावसाळ्यात ओल्या हातानं लिव्हर वढतेत लोकं.

महालकर

बागवान, स्टार्टरचं नक्की दाखवतो. पेटीला अर्थिंग आहे का ते आधी बघून ठेवा, आणि खाली उभं राहायला लाकडी फळी ठेवा आजच, मी येईपर्यंत थांबू नका.

पहिला वर्ग या रविवारी सकाळी साडेसात वाजता महालातल्या घरी, बाबांच्या ओसरीवर. घर विकायचं तूर्त थांबवलंय. चौदा शालींचं सौ.नं ठरवलं, थंडीत मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या आवारात रुग्णांचे नातेवाईक उघड्यावर झोपतात, त्यांना द्यायच्या. बाबांचे लेथवाले विद्यार्थीही येतायत, तारांची टोकं दाबायचं हत्यार घेऊन. येताना प्रत्येकानं एक टेस्टर, एक स्क्रू ड्रायव्हर आणि घरातला एक जुना प्लग आणावा. चप्पल रबरी घाला. खडू माझ्याकडे आहेत.